तांबडी घार, काळी घार

प्रश्न : आमचं घर आरोंद्याला, खाडीच्या काठावर. सकाळी होड्या परतल्या की वर घारी घिरट्या घालायला लागतात. काही तांबड्या, पांढऱ्या डोक्याच्या, काही काळपट. आमची आजी सांगते, तांबडा तो नर आणि काळी ती मादी. मुलाने पुस्तक उघडून दाखवलं की या दोन वेगळ्या जाती आहेत आणि जगाच्या यादीत दोन्ही ‘सुरक्षित’ आहेत. घरातला वाद काही मिटत नाही. खरं कोणाचं? आणि दोन्ही सुरक्षित असतील तर पक्षी बघणारे लोक तांबडीबद्दलच एवढे हळवे का होतात?
— एक वाचक, आरोंदा, ता. सावंतवाडी

उत्तर : जातींच्या बाबतीत मुलगा जिंकला. तांबडी ती ब्राह्मणी घार, शास्त्रीय नाव हॅलिअ‍ॅस्टर इंडस. काळपट ती आपली नेहमीची घार, पुस्तकातली ‘काळी घार’, मिल्वस मायग्रन्स. दोन्ही जातींत नर आणि मादी दिसायला सारखेच. मादी अंगाने जरा थोराड असते, पण ते जोडी शेजारीशेजारी बसली तरच कळतं, आणि तेव्हाही पैज लावू नये.

पण आजींना लगेच हरवू नका. शिकारी पक्ष्यांत नर एका रंगाचा आणि मादी दुसऱ्या रंगाची असा प्रकार खरोखरच असतो. थंडीत महाराष्ट्रात येणारा पांढुरका भोवत्या बघा : नर फिकट राखाडी, मादी तपकिरी. जुन्या शिकाऱ्यांनाही ते दोन निराळे पक्षी वाटायचे. शिवाय आजींनी आणखी एक गोष्ट पाहिलेली असणार. ब्राह्मणी घारीचं पिल्लू उडायला लागतं तेव्हा ते तांबडं नसतं. अंग तपकिरी, त्यावर फिकट रेघा, डोकं मळकट. पहिल्या वर्षी ते असंच असतं, दुसऱ्या वर्षी डोकं आणि छाती उजळत जाते, आणि आईबापांचा विटकरी-पांढरा वेश तिसऱ्या वर्षाकडे पुरा होतो. म्हणजे एप्रिल-मे मध्ये एकाच माडावर एक तांबडी आणि एक ‘काळी’ बसलेली दिसली, तांबडीने काळीला मासा आणून दिला, तर बघणाऱ्याला ते नवराबायको वाटणारच. ती असतात आई आणि लेकरू. आजींची नजर चांगली आहे, नातं तेवढं चुकलं.

आता ओळखायचं कसं? रंगावर विसंबू नका. सकाळच्या कोवळ्या उन्हात काळी घारही तांबूस दिसते आणि पावसाळी ढगाखाली तांबडीही काळी. शेपटी बघा. काळ्या घारीच्या शेपटीला मधे खाच असते, ब्राह्मणी घारीची शेपटी टोकाला गोल. एक अडचण आहे. काळी घार वळण घेताना शेपटी पूर्ण पसरते, तेव्हा खाच भरून निघते आणि कड सरळ दिसते. पण घार फार वेळ शेपटी पसरून राहत नाही. पाच-दहा क्षण थांबलात की ती मिटते आणि खाच परत दिसते. तपकिरी पिल्लू असेल तरी शेपटी गोलच, आणि पंखाखाली मनगटाच्या जागी फिकट चौकोनी डाग. आकारातही फरक आहे : ब्राह्मणी घार साधारण अर्धा मीटर लांबीची, काळी घार तिच्यापेक्षा मोठी, लांब पंखांची आणि जरा ढिसाळ उडणारी. कान तयार असेल तर न बघताही भागतं. काळीची शीळ लांबलचक, थरथरत खाली येणारी. ब्राह्मणीचा आवाज नाकातला, चिरका, तान्ह्या मुलाच्या कुरकुरीसारखा.

नात्याचं म्हणाल तर दोघी एकाच घराण्यातल्या. गरुड, घार, शिक्रा, गिधाड हे सगळे ज्या मोठ्या कुळात येतात, त्या अ‍ॅक्सिपिट्रिडी कुळातल्या. त्या कुळातही या दोघी एकमेकींच्या जवळच्या. जनुकं तपासल्यावर दिसलं की दोन्ही प्रकारच्या घारी आणि समुद्री गरुड हे एकाच शाखेवरचे. ब्राह्मणी घारीची सख्खी बहीण मात्र भारतात नाही. ती ऑस्ट्रेलियातली शीळ घालणारी घार. काळीची सख्खी बहीण युरोपातली लाल घार.

नावांच्या बाबतीत आपल्या माणसांना कौतुक वाटेल असा एक तपशील सांगतो. ब्राह्मणी घारीला शास्त्रीय नाव मिळालं १७८३ मध्ये, पाँडिचेरीच्या पक्ष्यावरून. आपल्याकडच्या काळ्या घारीच्या उपजातीचं नाव ‘गोविंदा’ आहे. हे नाव दिलं कर्नल विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत तो गावोगाव हिंडला आणि १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. गोविंदाच का, याचा खुलासा मला कुठे सापडलेला नाही. पण जगभरच्या पक्षिशास्त्रात आपली उकिरड्यावरची घार ‘गोविंदा’ म्हणून नोंदलेली आहे, याची मला दर वेळी गंमत वाटते.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या, जास्त अवघड भागाकडे येऊ. त्यासाठी या दोघी पोट कसं भरतात ते आधी बघावं लागेल.

किनाऱ्यावर रापण ओढताना कधी मासळीवरची नजर काढून आकाशाकडे बघा. दोन्ही बाजूंनी दोर खेचत माणसं मागे येत असतात, जाळ्याचा घेर लहान होत जातो, आणि पेडवे-तारल्या पाण्याच्या वरच्या थरात उसळायला लागतात. ब्राह्मणी घार नेमकी तेव्हा येते. लाटेवरून आडवी येते, पंख वर धरते, फक्त पाय खाली सोडते आणि मासा उचलून वर निघते. पंखाचं एक पीसही भिजत नाही. कैकर हा मासेखाऊ शिकारी पक्षी पाण्यात धडाधड बुडी मारतो, तसलं काही ती करत नाही. मासा लहान असेल तर बसायचेही कष्ट नाहीत : उडता उडता पाय चोचीपर्यंत आणायचा, तुकडा तोडायचा, गिळायचा, परत पाय मागे. खाली माणसं ओरडत असतात, कावळे कोकलत असतात, आणि ही वर जेवण आटोपून दुसऱ्या फेरीला आलेली असते.

खाडीत तिचं वेळापत्रक भरती-ओहोटीचं. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला की कांदळवनाच्या कडेने ती सावकाश उडत जाते. कुर्ल्या, चिखलात उड्या मारणारे नेवटे, पाण्यावर आलेला मेलेला मासा, खाजणातले बेडूक, पाणसर्प. जिवंत-मेलेलं असा भेद ती करत नाही. शिकारी म्हणून तिचा लौकिक फारसा नाही. दुसऱ्या पक्ष्याच्या पायातला मासा हिसकावणं तिला जास्त जमतं. पाऊस लागला की ती आतल्या भातशेतांकडेही पसरते आणि पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखवाल्या मुंग्या निघाल्या की त्या हवेतल्या हवेत टिपते. तेवढ्यापुरती ती खाडी विसरते.

काळ्या घारीला खाडीची गरज नाही. तिला माणूस लागतो. सावंतवाडीचा मासळी बाजार, बांद्याचा आठवडा बाजार, मटणाच्या दुकानामागची गल्ली, मुंबईत देवनारचं कचऱ्याचं मैदान : जिथे माणूस टाकून देतो तिथे ती आहे. विजेच्या दोन तारांमधून, दोन रिक्षांच्या मधून, शेपटीने सुकाणू फिरवत ती खाली येते आणि हातातला वडासुद्धा घेऊन जाते. दिल्लीत तर शहरात राहणाऱ्या शिकारी पक्ष्यांची जगातली सर्वांत दाट वस्ती या घारीची आहे, कारण तिथे कचरा आहे, मोठी झाडं आहेत आणि जुन्या दिल्लीत तिला मांसाचे तुकडे उडवून देण्याची रीत आहे. या दिल्लीच्या घारींवर आणि जखमी घारींची शुश्रूषा करणाऱ्या दोन भावांवर शौनक सेन यांनी २०२२ मध्ये ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट केला. मिळाला तर घरच्या सगळ्यांनी बसून बघा. थंडीत या स्थानिक घारींत मध्य आशियातून आलेल्या पाहुण्या घारीही मिसळतात. त्या हिमालय-काराकोरमची रांग ओलांडून येतात. म्हणजे आपल्याकडच्या गल्लीतल्या उकिरड्यावर बसलेली एखादी घार गेल्या महिन्यात कझाकस्तानात असू शकते.

घरटी बघितली तरी हाच फरक. ब्राह्मणी घार डिसेंबर ते एप्रिलच्या दरम्यान पाण्याजवळच्या उंच झाडावर घरटं करते : माड, आंबा, वड, कांदळवनातली उंच चिप्पी. काटक्यांचा ढीग, आत हिरवी-सुकी पानं. बहुतेक दोन अंडी, महिनाभर उबवण. एकदा जागा आवडली की वर्षानुवर्षं जोडी त्याच आसपास परत येते, आणि हीच तिची अडचण आहे. काळी घार झाडावर करते, टॉवरवर करते, पाण्याच्या टाकीवर करते, आणि घरट्यात चिंध्या, वायरी, प्लॅस्टिक काय वाटेल ते भरते. स्पेनमधल्या दोन्याना या पाणथळ प्रदेशात शास्त्रज्ञांनी घरट्यांतला हा कचरा तपासला, तेव्हा लक्षात आलं की पांढरं प्लॅस्टिक सगळ्यात जास्त लावणाऱ्या जोड्या ऐन उमेदीतल्या आणि सर्वांत चांगल्या जागा राखून असलेल्या होत्या. ‘इथे दमदार मालक राहतो’ अशी ती पाटी होती. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं. ज्या प्लॅस्टिकने आपण रडकुंडीला आलो, त्याचा एवढा मानाचा वापर दुसऱ्या कोणी केलेला माझ्या ऐकिवात नाही.

म्हणजे दोघी एकाच होडीवर घिरट्या घालत असल्या तरी एक खाडीवर जगते आणि दुसरी आपल्यावर. संवर्धनाचा प्रश्न या एका फरकाभोवती फिरतो.

मुलाने दाखवलेली यादी म्हणजे आयुसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेची रेड लिस्ट. तिच्यात दोन्ही घारी ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे सर्वांत कमी काळजीच्या वर्गात आहेत. हे खोटं नाही. फक्त तो शिक्का कशाच्या आधारावर बसतो ते माहीत असावं. एखादी जात ‘असुरक्षित’ ठरायची तर, साधारणपणे सांगायचं म्हणजे, दहा वर्षांत किंवा तिच्या तीन पिढ्यांत तिची संख्या ३० टक्क्यांनी तरी घटलेली असावी लागते. किंवा तिचा प्रदेश २०,००० चौरस किलोमीटरांहून लहान असून तुटत, आक्रसत चाललेला असावा लागतो. किंवा पिल्लं काढू शकणारे पक्षी हजारापेक्षा कमी उरलेले असावे लागतात. ब्राह्मणी घार भारत-श्रीलंकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. काळी घार तर युरोप, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया अशी चार खंडांत. एवढ्या मोठ्या नकाशावर सरासरी काढली की दोघीही आरामात उत्तीर्ण होतात. त्या सरासरीत आरोंद्याची खाडी कुठे दिसणार? ब्राह्मणी घारीच्या नोंदीत मात्र एक ओळ असते, जी मुलाने बहुधा वाचली नसेल : एकूण संख्या घटत असावी असा अंदाज, आणि कारणं म्हणून अधिवासाचा नाश, छळ, कीटकनाशकं.

शिक्का सुरक्षित राहतो आणि पक्षी जातो, हे प्रत्यक्षात कसं घडतं ते बघायला जावाकडे बघा. ब्राह्मणी घार हे जकार्ता शहराचं मानचिन्ह आहे. पायात सालक फळ धरलेली घार तिथे पुतळ्यावर दिसते, शहराच्या बसवर दिसते. आकाशात शोधाल तर मिळणं कठीण. जावा बेटावर ती जवळजवळ संपली : किनाऱ्यावरचं कांदळवन गेलं, पिकांवर औषधं आली, आणि पिंजऱ्यात पाळायला पकडण्याचा धंदा फोफावला. जकार्तासमोरच्या थाउजंड आयलंड्समधल्या कोटोक बेटावर पकडलेल्या घारींना पुन्हा उडायला शिकवून सोडण्याचं केंद्र चालवावं लागतं. आणि हे सगळं चालू असताना जागतिक यादीत ती ‘लीस्ट कन्सर्न’च होती, आजही आहे.

तुम्ही म्हणाल, मग काळीला तरी भीती नाही. कचरा कुठे कमी होतोय! तिचंही उदाहरण आहे, तैवानचं. एके काळी तिथे सगळीकडे दिसणारी ही घार गेल्या शतकाच्या अखेरीस दोन-तीनशेच्या घरात आली. एक शाळामास्तर नोकरी सोडून वीस वर्षं तिच्या मागे फिरले. कारण पुढे उघडं पडलं ते मेलेल्या घारींच्या पोटातून : शेतकरी पेरणीच्या वेळी चिमण्या-पारव्यांसाठी दाण्याला कार्बोफ्युरान हे कीटकनाशक लावत होते, मेलेली पाखरं घारी खात होत्या. २०१५ मध्ये यावर माहितीपट आला, अझुकी या लाल कडधान्याच्या शेतकऱ्यांनी विष सोडलं, आणि त्या कडधान्याला घारीच्या नावाने वेगळी बाजारपेठ मिळाली. घारी वाढायला लागल्या. इंग्लंडात तर काळीची बहीण लाल घार शेक्सपिअरच्या काळात लंडनच्या रस्त्यांवर उकिरडे साफ करत होती. विसाव्या शतकात वेल्समध्ये मोजक्या जोड्या उरल्या. १९८९ पासून स्पेन आणि स्वीडनहून पिल्लं आणून ती पुन्हा वसवावी लागली.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जा? पांढऱ्या पाठीचं गिधाड. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कोणी त्याची मोजदाद करायच्या फंदात पडलं नव्हतं, कारण मेलेल्या प्रत्येक गुराभोवती ते शेकड्यांनी बसायचं. जगातला सर्वांत विपुल मोठा शिकारी पक्षी असं त्याचं वर्णन व्हायचं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने पंधरा वर्षांत त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त मारले. औषधावर बंदी आली २००६ मध्ये. कोकणात ज्यांनी गिधाडं झाडावर रांगेने बसलेली बघितलीत ती माणसं अजून पन्नाशीत आहेत.

म्हणून ‘सुरक्षित’ या शब्दावर मी फार भार टाकत नाही. पण दोघींपैकी काळजी कोणाची करावी, असं थेट विचारलंत तर माझं उत्तर तांबडीचं. काळी घार पर्याय शोधते. बाजार हलला की बाजाराबरोबर हलते, झाड तोडलं तर टॉवर घेते. तांबडीला तिन्ही गोष्टी एकाच जागी हव्यात : मासळीने भरलेली उथळ खाडी, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि वर्षानुवर्षं उभं राहणारं उंच झाड. तुमच्या तेरेखोल खाडीच्या काठाला या तिन्ही आज आहेत, म्हणूनच तुमच्याकडे ती एवढी दिसते की तिचं अप्रूप वाटत नाही. पण खाजणाचं कोळंबीचं तळं झालं, बांधावरचा जुना आंबा गेला, किनाऱ्याला सिमेंटची भिंत आली, तर यातलं एकेक कमी होत जातं. महामार्गाच्या चौपदरीकरणात कणकवली-कुडाळ पट्ट्यातली किती जुनी झाडं गेली ते जिल्ह्यात सगळ्यांनी पाहिलं आहे. कांदळवनाच्या बाजूने कायदा बऱ्यापैकी भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीला आणि कांदळवनापासून ५० मीटरांतल्या बांधकामाला मनाई केली, राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला, आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. माडा-आंब्याला मात्र असं कोणी नाही. घराशेजारच्या उंच झाडावरचं घरटं टिकतं ते झाडाच्या मालकाच्या मर्जीवर.

तुमच्या घरातला वाद एका कामी लावता येईल. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल ९४२ जातींचा आढावा घेतो, आणि तो उभा आहे सुमारे ३०,००० हौशी लोकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या नोंदींवर. त्यात शिकारी पक्ष्यांची एकूण तब्येत चांगली नाही असं दिसलं. या नोंदी शहरांतून आणि पर्यटकांच्या ठरावीक ठिकाणांहून भरपूर येतात. खाडीकाठच्या गावांतून आल्या तर त्यांचं मोल फार. महिन्यातून एखाद-दोनदा, ठरलेल्या वेळी, होड्या लागतात त्या ठिकाणी उभं राहायचं आणि तीन आकडे लिहायचे : तांबड्या किती, खाचेच्या शेपटीच्या काळ्या किती, आणि गोल शेपटीच्या तपकिरी, म्हणजे तांबडीची पिल्लं, किती. हा तिसरा आकडा सगळ्यात बोलका. एप्रिलनंतर तो वाढला तर आसपास घरटी यशस्वी होत आहेत. प्रौढ घारी तेवढ्याच आणि तपकिरी एकही नाही, असं दोन-तीन वर्षं चाललं तर काहीतरी बिघडलं आहे. कारण घार बरीच वर्षं जगते, आणि पिल्लं होणं बंद झालं तरी म्हाताऱ्या घारींमुळे आकाश काही काळ भरलेलं दिसतं. पावसाळ्यात काळ्या घारी कमी दिसल्या तर घाबरू नका, मुसळधार पावसाच्या भागातून त्या बऱ्याचशा कोरड्याकडे सरकतात. हे मोजायला आजींना बसवा. शेपटी बघायला सांगितलीत की त्या मुलाला दोन आठवड्यांत मागे टाकतील.

प्रश्न : देवळातला विष्णूचा गरुड म्हणजे ब्राह्मणी घारच, असं एकाने सांगितलं. खडकावर बसणारा मोठा समुद्री गरुड मग कोण?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मूर्तीतला गरुड कोणत्या पक्ष्यावरून घेतला, याचा निवाडा पक्षिशास्त्र करू शकत नाही. पण दक्षिणेत लोक ब्राह्मणी घारीलाच गरुड मानतात हे खरं. केरळात तिचं दर्शन शुभ, आणि शबरीमलैला मकरसंक्रांतीच्या वेळी तिरुवाभरणाची मिरवणूक निघते तेव्हा वर घार घिरट्या घालते अशी श्रद्धा आहे. या मानामुळे तिला दगड मारायला हात उचलत नाही, हा तिचा मोठाच फायदा.

समुद्री गरुड वेगळा आणि कितीतरी मोठा. पंखांचा पसारा दोन मीटरांपर्यंत, पोट आणि डोकं पांढरं, पाठ राखाडी, शेपटी आखूड आणि पाचरीसारखी. उडताना पंख वर उचललेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. तांबडा रंग त्याच्या अंगावर कुठेच नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी गोंधळ होणार नाही. घारींचा तो नातलगच, हे वर आलंच आहे. कोकणात त्याच्या घरट्यांचा पाठपुरावा चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वर्षानुवर्षं केला. याच मंडळींना २००२ मध्ये या गरुडाच्या शोधात वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या फुटलेल्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून वेळासचं कासव संवर्धन सुरू झालं. गरुड बघायला गेले नसते तर कासवं कदाचित तशीच गेली असती.

प्रश्न : आमच्या कोंबडीची पिल्लं एकेक करून जातात. घारीचंच काम का?
— एक वाचक, शिरोडा

उत्तर : ब्राह्मणी घारीवर आळ घेऊ नका, अंगणात उतरणं तिला आवडत नाही. काळी घार नेते, पण ती आधी वर दोन-तीन घिरट्या घालते आणि कोंबडी ओरडून सगळ्यांना सावध करते. न कळत गेलं असेल तर संशय शिक्र्यावर घ्या. पारव्याएवढा, आखूड गोल पंखांचा, झाडाच्या पानांत दडून बसतो आणि सरळ झेप घेतो. तुम्ही मान वळवेपर्यंत संपलेलं असतं. रात्रीत गेलं असेल तर मांजर, उदमांजर यांची चौकशी करा. पिल्लं महिनाभराची होईपर्यंत जुन्या जाळ्याखाली ठेवा. किनाऱ्यावरच्या गावात फाटकं जाळं मिळणार नाही असं घर नाही. विष घालून ठेवायचा विचार कोणी सुचवला तर वरचं तैवानचं उदाहरण त्याला वाचून दाखवा, आणि ते बेकायदाही आहे हे सांगा.

प्रश्न : वाऱ्याने माडावरचं घरटं हललं आणि घारीचं पिल्लू खाली पडलं. आम्ही त्याला दूध-भात दिला, खाल्लं नाही. काय करावं?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दूध-भात लगेच थांबवा. ते मांस खाणारं पिल्लू आहे, दूध त्याला पचत नाही. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. आधी बघा की जखम आहे का, पंख लोंबतो का. काही नसेल, पिसं बऱ्यापैकी आलेली असतील आणि आईबाप वर ओरडत असतील, तर जवळच्या झाडावर जमेल तितक्या उंचीवर टोपली बांधून त्यात ठेवा आणि लांब व्हा. कुत्रा-मांजर जवळ येऊ न देणं एवढंच तुमचं काम. खायला आईबाप आणतात. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुनं कापड घालून, अंधारात आणि शांततेत ठेवा. पोरांना दाखवायला सारखं झाकण उघडू नका. उचलताना टॉवेल टाकून उचला, नजर चोचीवर न ठेवता पायांवर ठेवा, कारण घार पकडते ती नखांनी. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी पाळायचा मोह नको. दोन्ही घारींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि घरट्याला धक्का लावणं, अंडी काढणं हेसुद्धा त्या कायद्यात शिकारीतच मोडतं. शिवाय हाताने भरवलेल्या घारीला माणसाची भीती उरत नाही, आणि सोडल्यावर ती पहिली झेप घेते ती शेजाऱ्याच्या ताटावर.